होम इन्स्पेक्टर व्हायचंय? लायसन्स कुठे मिळतं हे विचारण्याआधी एवढं वाचा



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सेवा व्यवसायांच्या व्हिडिओत मी 'होम इन्स्पेक्टर' हा शब्द वापरला आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: "सर, याचं लायसन्स कुठे मिळतं? कोर्स कुठला करायचा?" व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. भारतात घर तपासणाऱ्यासाठी वेगळं सरकारी लायसन्स नाही. महाराष्ट्रातही नाही. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यांमध्ये परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आपल्याकडे तसं काही नाही. उद्या सकाळी तुम्ही बोर्ड लावलात तर कोणी अडवणार नाही.

हे ऐकून बरेच जण खूश होतात. पण थोडा विचार करा. तुम्हाला कोणी अडवणार नाही, तसं शेजारच्या गल्लीतल्या बिनकामाच्या माणसालाही कोणी अडवणार नाही. मग गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल? एकाच कारणाने: तुमचा रिपोर्ट खरा निघतो म्हणून. या धंद्यातलं सगळं शिक्षण, सगळी हत्यारं आणि सगळे नियम शेवटी त्या रिपोर्टसाठी आहेत. हा लेख वाचताना एवढं धरून ठेवा.

हा माणूस नेमकं करतो काय?

घर विकत घेण्याआधी किंवा ताबा घेण्याआधी तो घरात जातो. काहीही न फोडता, डोळ्यांनी आणि साध्या उपकरणांनी घर तपासतो. ओल, भेगा, छत, वायरिंग, अर्थिंग, नळ, ड्रेनेज, फरशी, दारं-खिडक्या. मग फोटोसकट रिपोर्ट देतो: काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, किती तातडीचं आहे आणि पुढे कोणाला बोलवायचं.

आता इथे चार माणसांची गल्लत होते, ती आधी सोडवू.

- व्हॅल्युअर घराची किंमत सांगतो. कंपनी कायद्याखाली 'नोंदणीकृत मूल्यांकनकार' व्हायचं तर सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि ५ वर्षांचा अनुभव लागतो. वर मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण आणि आयबीबीआयची परीक्षा.
- स्ट्रक्चरल इंजिनिअर इमारत उभी राहील की नाही ते सांगतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ते याचं काम.
- वकील सातबारा, फेरफार, एनए, टायटल बघतो.
- होम इन्स्पेक्टर घराची आजची तब्येत सांगतो. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर असतो ना, तसा. नाडी बघतो आणि गरज असेल तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो. ऑपरेशन करत नाही.

भोर-वेल्ह्यात याला गिऱ्हाईक आहे का?

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दरवर्षी जून लागला की लोक येतात आणि म्हणतात, "वॉटरप्रूफिंगचा डबा द्या." मी विचारतो, पाणी कुठून येतंय? उत्तर नसतं. छतातून, भिंतीतून, की जोत्यातून, कोणी बघितलेलंच नसतं. डबा विकून माझा गल्ला भरतो, पण ओल पुढच्या जूनला परत तिथेच. ही न बघितलेली जागा म्हणजे तुमचा धंदा.

आपल्या भागात गिऱ्हाइकांचे मला चार गट दिसतात.

पहिला, पुणेकर. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघरच्या पाण्याकडेला फार्महाऊस किंवा तयार बंगला घेणारे. हे लोक बहुतेक वेळा घर उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी बघतात. आपल्या घाटाखालच्या पावसात ते घर कसं वागतं याची त्यांना कल्पना नसते.

दुसरा, हायवेच्या पट्ट्यातले फ्लॅट घेणारे. नसरापूर, कापूरहोळ, खेड-शिवापूर.

तिसरा, नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेली आपलीच माणसं. गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद. कौलं सरकली, वाशाला वाळवी लागली, तरी कळतं ते गणपतीत कुलूप काढल्यावर. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा बंद घर बघून फोटो-रिपोर्ट पाठवायचा, ही वर्षाची सेवा होऊ शकते.

चौथा, जुनं घर दुरुस्त करू की पाडू अशा विचारात असलेली कुटुंबं.

रेराबद्दल थोडं समजून घ्या, कारण गिऱ्हाईक हमखास विचारतं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणजे फ्लॅटवाल्याला तुमचा तारखेसकट, फोटोसकट रिपोर्ट थेट उपयोगी पडतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा ८ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. आणि एखाद्याचं स्वतःसाठी बांधलेलं घर तुम्ही त्याच्याकडून विकत घेताय, तर तिथे बिल्डरच नाही. राजगड तालुक्यात (वेल्ह्याचं नवं नाव) आणि भोरच्या पश्चिम भागात असे व्यवहार भरपूर. तिथे पैसे देऊन झाल्यावर गळणारं छत तुमचं. म्हणून तपासणी व्यवहाराच्या आधी हवी.

शिकायचं काय आणि कुठे?

सरकारी अट नाही, म्हणजे शिक्षण नको असं नाही. माझ्या मते तीन रस्ते आहेत.

१. सिव्हिल डिप्लोमा. दहावीनंतर ३ वर्षं. तुमच्याकडे हा असेल तर अर्धी लढाई जिंकलात. नकाशा वाचता येतो, काँक्रीट समजतं, इंजिनिअरच्या भाषेत बोलता येतं.

२. आयटीआय. ड्राफ्ट्समन सिव्हिल २ वर्षं, इलेक्ट्रिशियन २ वर्षं, प्लंबर १ वर्ष. एका ट्रेडची माहिती पक्की असते, बाकीच्या दोन शिकून घ्याव्या लागतात.

३. साइटवरचा अनुभव. सुपरवायझर, गवंडी, प्लंबर म्हणून दहा-पंधरा वर्षं काढलेला माणूस. याला भेग बघून कारण सांगता येतं. याची अडचण एकच, लिहिणं. ती सुटू शकते.

तुम्ही यातले कोणीच नसाल, माझ्यासारखे बीबीए, बीकॉम असाल, तर? तर एकट्याने उतरू नका. डिप्लोमावाला किंवा अनुभवी सुपरवायझर भागीदार घ्या. तुम्ही गिऱ्हाईक, रिपोर्ट, हिशेब सांभाळा आणि एक वर्ष त्याच्यासोबत प्रत्येक घरात जा.

आता ऑनलाइन कोर्सबद्दल. अमेरिकेतल्या 'इंटरनॅची' या होम इन्स्पेक्टरांच्या संघटनेचे ऑनलाइन कोर्स भारतातून करता येतात. करा, माझी ना नाही. तपासणीचा क्रम, फोटो कसा काढायचा, वाक्य कसं लिहायचं हे त्यात छान शिकवतात. पण तिथलं बरंच घर लाकडी सांगाड्याचं, खाली तळघर, वर माळा आणि खोल्या गरम करायची भट्टी. आपलं घर आरसीसीचं, विटांचं, नाहीतर दगड-मातीचं आणि वर मंगलोरी कौल. त्यामुळे पद्धत तिकडची घ्या, घर मात्र इकडचं शिका. आणि ते सर्टिफिकेट म्हणजे भारत सरकारचा परवाना नव्हे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

इकडचं शिकायला काय वाचायचं? राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६, काँक्रीटसाठी आयएस ४५६, घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भारतीय मानकं मोफत बघता येतात. सगळं पाठ करायचं नाही. कुठलं उत्तर कुठल्या पानावर आहे एवढं माहीत पाहिजे.

आपल्या भागात हे पाच विषय पक्के करा

*ओल.* चार प्रकार ओळखायला शिका. पाऊस सुरू झाला की दिसते आणि उघडीप मिळाली की कमी होते, ती छताची किंवा भिंतीची. पावसाचा झोत खाणाऱ्या, म्हणजे बहुतेक करून पश्चिम-नैऋत्येच्या भिंतीवर येते ती बाहेरून शिरणारी. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत चढते आणि पांढरा लोणा लागतो, ती जोत्यातून येणारी. आणि मे महिन्यातही बाथरूमच्या मागे ओली असते, ती पाइपची. चारही ओलींवर औषध वेगळं.

*भेगा.* प्लास्टरवरची केसासारखी भेग आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग यात फरक आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसते का? तिची रुंदी मोजा, टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. कॉलम-बीमच्या सळईच्या रेषेत भेग आणि तांबूस डाग दिसले, तर आतली सळई गंजतेय. तिथे तुमचं काम संपलं, इंजिनिअरचं सुरू झालं.

*छप्पर आणि लाकूड.* कौलं, पत्रा, वासे, रिपा, तुळया. लाकूड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा, मागच्या बाजूने ठोकून बघा. वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून रंगवलेला असतो.

*उतारावरचा प्लॉट.* डोंगर कापून केलेली सपाट जागा असेल तर अर्धी जागा कापलेली आणि अर्धी भरावाची असते. घर भरावावर आहे का, हे विचारा. संरक्षक भिंतीला पाणी जायला भोकं आहेत का, ती बुजलीत का, भिंत पुढे कललीय का, वरचं पाणी कुठल्या चरातून जातं, हे बघा. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून १५० हून अधिक माणसं गेली. डोंगर सुरक्षित आहे की नाही हे होम इन्स्पेक्टर सांगू शकत नाही. पण "घराच्या मागे कापलेला उतार आहे, भूवैज्ञानिकाचा किंवा भू-तांत्रिक इंजिनिअरचा सल्ला घ्या" एवढं एक वाक्य तो लिहू शकतो, आणि ते लिहिलंच पाहिजे.

*वीज आणि पाणी.* सॉकेटला अर्थिंग पोचतंय का, फेज-न्यूट्रल उलटं आहे का, ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी बसवलीय का, तिचं टेस्ट बटण दाबल्यावर पडते का. मात्र बोर्ड उघडायचा असेल तर परवानाधारक तारतंत्री सोबत न्या, स्वतः हात घालू नका. बाथरूममध्ये पाणी मोरीकडे जातं की दाराकडे, हे एक बादली ओतून कळतं.

हत्यारं

चांगली टॉर्च, शिडी, टेप, स्पिरिट लेव्हल, थ्री-पिन सॉकेट टेस्टर, भेग मोजायची पट्टी, पोकळ फरशी ओळखायला ठोकायची छोटी हातोडी. यातल्या बऱ्याच वस्तू काही शे रुपयांत येतात. मग मॉइश्चर मीटर आणि लेझर मीटर. लेझर मीटर असला की करारातला कार्पेट एरिया आणि प्रत्यक्षातला कार्पेट एरिया ताडून बघता येतो. रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात, हे लक्षात ठेवा.

थर्मल कॅमेरा पहिल्या दिवशी घेऊ नका. व्हिडिओत भारी दिसतो, पण तो ओल दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. त्याचा अर्थ लावायला अनुभव लागतो. पन्नास घरं झाल्यावर बघू.

सराव कसा करायचा?

नातेवाइकांची, मित्रांची दहा घरं मागून घ्या. एकच घर एप्रिलमध्ये बघा आणि तेच जुलैमध्ये बघा. एप्रिलमध्ये जे सुटलं ते जुलै दाखवून देईल. आपल्या भागात याहून चांगला मास्तर नाही. दहा घरांचे वीस रिपोर्ट झाले की एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला पैसे देऊन ते तपासून घ्या. ही तुमची खरी फी, ही तुमची खरी परीक्षा.

रिपोर्ट: इथे धंदा जमतो किंवा फसतो

रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि हवामान लिहा. "तपासणी मार्च महिन्यात, कोरड्या हवेत केली" हे वाक्य नसेल आणि जुलैमध्ये छत गळलं, तर गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार.

मग काय बघितलं आणि काय बघता आलं नाही याची यादी. माळ्याला कुलूप होतं, कपाटामागची भिंत दिसली नाही, टाकी रिकामी होती म्हणून पाण्याचा दाब तपासता आला नाही. नवखे लोक हा भाग लाजून गाळतात. तो गाळू नका.

भाषा साधी आणि मोजमापाची. "भिंत खराब आहे" असं नको. "हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीखाली, २ फूट बाय ३ फूट ओलसर डाग, फोटो क्रमांक १४" असं हवं. प्रत्येक दोषापुढे तीनपैकी एक शेरा: लगेच, वर्षभरात, लक्ष ठेवा.

इथे थांबायचं

वरंधा घाट उतरलं की महाड. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तिथली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, अलीकडच्या दशकातलीच होती. त्या बातमीनंतर आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच चर्चा होती: आपली बिल्डिंग बरी आहे ना?

हा प्रश्न गिऱ्हाईक तुम्हालाही विचारणार. "साहेब, घर पडणार नाही ना?" मनापासून वाटतं "नाही हो, काळजी करू नका" म्हणावं. म्हणायचं नाही. आतली सळई, काँक्रीटची ताकद, पाया यातलं काहीच तुम्ही बघितलेलं नाही. "मला वरून ही ही लक्षणं दिसली किंवा दिसली नाहीत. इमारतीच्या मजबुतीबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल" हेच उत्तर. तोंडीही आणि लेखीही. तुमच्या एका दिलाशावर कोणीतरी लेकराबाळांसकट त्या घरात झोपणार आहे.

नावाचंही तसंच. गावात 'इन्स्पेक्टर' म्हटलं की लोकांना सरकारी माणूस वाटतो. कार्डावर 'घर तपासणी सेवा (खासगी)' असं लिहा. 'शासनमान्य' लिहू नका, राजमुद्रा छापू नका. 'आर्किटेक्ट' हा शब्दही १९७२ च्या कायद्याने राखीव आहे.

पैसे कोणाकडून घ्यायचे?

फक्त घर घेणाऱ्याकडून किंवा ज्याने तपासणी सांगितली त्याच्याकडून. एजंट म्हणेल, "तुम्हाला महिन्याला चार घरं देतो, रिपोर्ट जरा सांभाळून लिहा." दुरुस्तीवाला म्हणेल, "काम मला मिळवून द्या, दहा टक्के तुमचे." दोन्हीला नाही म्हणा. जे घर तपासलं त्या घराच्या दुरुस्तीचं काम स्वतःही घेऊ नका. नाहीतर तुम्ही लिहिलेली प्रत्येक भेग लोकांना तुमच्या बिलासारखी दिसेल. मी स्वतः हार्डवेअर विकतो, म्हणून मी हा धंदा करत नाही, फक्त शिकवतो.

दर कसा काढायचा?

समजा तुम्हाला महिन्याला घरखर्चाला २५,००० हवेत. पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज, विमा मिळून ८,००० धरा. झाले ३३,०००. आता एका घराला वेळ किती? जाऊन-येऊन २ तास, तपासणी ४ तास, रिपोर्ट ४ तास. म्हणजे पूर्ण दिवस. सुरुवातीला महिन्याला ८ घरं मिळाली तर एका घराला सव्वाचार हजारांच्या आसपास घ्यावे लागतील. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण १,००० रुपयांत करून देतो म्हणालात, तर चार तासांची तपासणी पाऊण तासात उरकाल आणि नाव घालवाल.

पावसाळ्यातली दुसरी फेरी वेगळ्या, कमी दरात ठेवा. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ती हमखास पटते.

कागदपत्रं

- उद्यम नोंदणी: पॅन आणि आधारवर, ऑनलाइन, पूर्ण मोफत. पैसे मागणाऱ्याला देऊ नका.
- शॉप ॲक्ट: मोजकेच कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.
- जीएसटी: फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर.
- कर्ज: शक्यतो नको. लागलंच तर मुद्राचं 'शिशु' कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं, तेवढ्यात हत्यारं भागतात.
- करारपत्र: तपासणीआधी एक पानी, काय बघणार आणि काय नाही. दोघांच्या सह्या.
- व्यावसायिक दायित्व विमा: चार पैसे मिळायला लागले की घ्या. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये येते, गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःचंच घर तपासा. वही घ्या, टॉर्च घ्या, अनोळखी माणसाच्या घरात आल्यासारखे दारापासून सुरुवात करा. किमान २५ नोंदी काढा, प्रत्येकीला फोटो. आणि शेवटी 'काय बघता आलं नाही' ही यादी लिहा. ती यादी लिहिताना हात अडखळला नाही, तर हा धंदा तुम्हाला जमेल.

रिपोर्टचा कोरा नमुना आणि करारपत्राचा मसुदा कसा भरायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोपर्यंत कामाला लागा. भेटू!